टीव्हीतली येळवस

माझ्या लग्नात शेवटचं मंगलाष्टक संपायच्या आत मी हार पुढे केला. मध्ये अंतरपाट तसाच होता. हार त्याच्यावर आपटला, लग्न लावणाऱ्या स्वामींनी म्हणता म्हणता थांबून माझ्याकडे पाहिलं, आणि कापडाच्या पलीकडून कुणीतरी फिस्सकन हसलं. बायकोचा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला तो असा. तेव्हापासून माझी घाई दिसली की ती दुसरं काही बोलत नाही. 'अंतरपाट' एवढंच म्हणते. दिवसातून एकदा तरी म्हणते.

सोलापुरात सात रस्त्याजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे. मशिनमधून कागद पुरता बाहेर यायच्या आत तो ओढायची मला खोड आहे, त्यामुळे माझ्याकडच्या झेरॉक्समध्ये शेवटची ओळ बऱ्याचदा शेपटीसारखी वाकडी निघते. जुनी गिऱ्हाइकं आता काउंटरवरूनच सांगतात, "मालक, हात बांधून उभं ऱ्हावा." घरी कुकरची शिट्टी मी चमच्याने उचलून वाफ काढतो. एकदा आमटी छताला लागली. तो डाग पाहुण्यांना आम्ही वरच्या मजल्यावरची गळती म्हणून दाखवतो.

असल्या माणसाच्या हाती वेळ पुढे ढकलायचं बटण पडलं, त्याची ही गोष्ट.

गेल्या दिवाळीनंतर अप्पा गावाकडे कडब्याच्या गंजीवरून घसरले. अप्पा म्हणजे माझे वडील. आमचं गाव अक्कलकोटच्या पलीकडे, जिथे माणूस वाक्य मराठीत सुरू करतो आणि कन्नडमध्ये संपवतो. शेती धाकटा भाऊ बघतो, पण रानात रोज फेरी अप्पांचीच. खुब्याचं हाड मोडलं. सोलापुरात ऑपरेशन झालं, आत सळई बसवली, आणि अप्पा आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये, टीव्हीसमोरच्या दिवाणावर आले.

व्यायाम घ्यायला एक ताई यायच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी मला दाराबाहेर नेऊन सांगितलं, "आता उभे राहायला लागले तर चालतील. असेच पडून राहिले, तर पुढे फार अवघड होईल. पाय विसरतात."

पाय विसरतात, हे मी मनावर घेतलं. जरा जास्तच घेतलं. दुसऱ्या सकाळी मी अप्पांच्या काखेत हात घालून त्यांना उभं केलं आणि कार्यक्रम जाहीर केला. आज दारापर्यंत, उद्या गॅलरीपर्यंत, पुढच्या आठवड्यात जिना. अप्पा एक पाऊल टाकून असे कळवळले की शेजारच्या काकू विचारायला आल्या. ते खाली बसले ते बसलेच. म्हणाले, "साकु." म्हणजे पुरे. त्यानंतर ताई आल्या की अप्पा झोपेचं सोंग घेत. नवा कोरा वॉकर भिंतीला टेकून राहिला. काही दिवसांनी बायको त्याच्यावर नॅपकिन वाळत घालायला लागली.

त्यातच वेळ अमावस्या आली. आम्ही येळवस म्हणतो. मार्गशीर्षातल्या अमावस्येला सगळं घर रानात जातं. उभ्या ज्वारीत कडब्याची खोप करायची, आत पाच दगड मांडून त्यांना चुना लावायचा आणि पांडव म्हणून पुजायचे. मग पालेभाज्या आणि ओल्या शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, मडकंभर आंबील. शेवटी चरगा, म्हणजे आंबिलीचे शिंतोडे टाकत आपल्या रानाला एक फेरी. पिकाला जेवू घालायचं. ही फेरी अप्पांनी जन्मात चुकवली नव्हती. यंदा भावाने घातली आणि फोनवर दाखवली. अप्पांनी फोन पालथा ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं. बोलणं आधीच कमी होतं, ते जवळजवळ थांबलं.

आता खेळाकडे येतो. खेळायचं यंत्र मुलीचं. ती पुण्याला नोकरीला गेली, तिथल्या खोलीत टीव्ही नाही, म्हणून ते इथे राहिलं. जाताना म्हणाली, "पप्पा, धूळ बसू देऊ नका." मी बसू दिली नाही. दुकान बंद करून आलो की रोज खेळायला बसायचो. खेळ कसला, अख्खं जग आहे ते. डोंगर, जंगलं, किल्ले, पंख असलेले अजगर, आणि आपला हिरो तलवार घेऊन मनाला येईल तिकडे हिंडणार. तिथे दिवस उजाडतो आणि मावळतो. आपल्या तासाभरात त्यांचा एक दिवस जातो. रात्री दुकानं बंद, वेशी बंद, माणसं घरात. म्हणून एक बटण आहे. ते दाबलं की हिरो मांडी घालून खाली बसतो आणि पडद्यावर एक चकती येते, तिच्या काठावर सूर्य आणि चंद्र. ती फिरवायची. डोळ्याचं पातं लवायच्या आत सकाळ. त्या बटणाचं नाव 'थांबा' आहे. ज्याला अजिबात थांबायचं नाही त्याच्यासाठी केलेल्या बटणाला हे नाव कुणी दिलं, देव जाणे. मला मात्र ते मिळाल्यापासून वाटत होतं की हेच आपण जन्मभर शोधत होतो.

येळवस होऊन गेल्यावर एका संध्याकाळी मी अशीच एक रात्र उडवली आणि दिवाणावरून आवाज आला.

"रात कुटं गेली?"

मी दचकलो. अप्पा पडद्याकडे बघत होते.

"पुढे केली अप्पा. दुकान उघडायचं होतं."

"आन ती लोकं? जेवली का?"

"कुठली लोकं?"

"त्या गावातली. दिवस मावळत हुता, तवा तो म्हातारा खुरपत हुता. आता परत खुरपतोय. मदी जेवला का न्हाय?"

मी त्या म्हाताऱ्याकडे कधी पाहिलंच नव्हतं. गावाबाहेर पिवळ्या पिकाचं एक रान होतं, त्याच्या कडेला तो दिवसभर एकाच जागी खुरपत असायचा.

"रात गिळलीस की रे," अप्पा म्हणाले. पण कुशीवर वळले नाहीत. बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम हिरोला त्या रानापाशी नेलं. अजगर राहू दे म्हटलं. अप्पांनी पीक न्याहाळलं. शाळू नव्हे, गहूही नव्हे, पण कणीस भरलेलं आहे असा निकाल दिला. मग विचारलं, "काढणी कवा?"

"नाही अप्पा, इथे काढणी होत नाही. पीक असंच उभं असतं."

"कायम?"

"कायम."

अप्पांनी कणसं परत एकदा निरखली. मग पडद्यावर चंद्र आला, तेव्हा म्हणाले, "वद्य पक्ष हाय. चवथ-पंचीम असंल. म्हंजी हितं बी अमावस्या येती की."

"येत असेल."

"उभं पीक पायजे, अमावस्या पायजे, घरचं माणूस पायजे. तिन्ही हाय. येळवस करू."

"अप्पा, खेळ आहे तो."

"आन आपली काय असती? पाच दगडं मांडतो, चुना लावतो आन पांडव म्हणतो. खेळच की तो बी."

स्वयंपाकघरातून बायको दारात येऊन उभी राहिली. तिने विचारलं, "मग अप्पा, चरगा कोण शिंपणार?"

"ह्येचा तो तलवारवाला फिरंल रानाभोवती. आन मी हितं फिरंन." त्यांनी हनुवटीने वॉकर दाखवला. "त्या दिवशी उठतो. तवर कुणी मला हात लावायचा न्हाय."

त्या रात्री पुण्याला फोन झाला. मुलगी म्हणाली, "आज्जांना म्हणावं, मी इथून आंबील पिते." बायकोने बाजरी आणली. व्यायामाच्या ताईंना मी सांगितलं की आमची तारीख ठरली आहे. त्यांनी "कॅलेंडरात कधी येते?" असं विचारल्यावर मी विषय बदलला.

आणि मग मला कुठून बुद्धी झाली कोण जाणे.

रविवारी दुपारी अप्पा झोपले होते, बायको भाजीला गेली होती. मी एकटा त्या रानापाशी बसलो होतो. मनात वाईट काही नव्हतं. उलट मी विचार करत होतो की अमावस्येला अजून आठवडाभर तरी आहे, पाय तोवर विसरतील, आणि हातात बटण आहे. आज संध्याकाळीच अमावस्या आणली तर काय बिघडलं? चकती फिरवली. चंद्र बारीक झाला. आणखी फिरवली, आणखी बारीक. पुढच्या रात्री खेळात आभाळ आलं. सगळा काळोख. ही अमावस्या की ढग, कळेना. खात्री करावी म्हणून पुढे गेलो, तरी ढग. आणखी थोडं पुढे. शेवटी एका संध्याकाळी आभाळ फाटलं आणि डोंगरावर चंद्राची नखाएवढी कोर दिसली. मी खूश. एवढीच उरलीय, म्हणजे उद्याच अमावस्या. हे मोलाचं काम वाया जाऊ नये म्हणून मी ताबडतोब सेव्ह केलं आणि अप्पांना हलवून उठवलं.

"अप्पा, उद्याच आहे. आणली बघा जवळ."

अप्पांनी डोळे चोळले. पडद्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"दिवस कुठल्या अंगाला मावळतोय?"

"त्या डोंगरामागं."

"आन कोर?"

"तिथेच, वर."

"मावळतीला, सांजच्याला दिसती ती बीज असती. शुद्ध पक्ष." त्यांचा आवाज अगदी साधा होता. "गेली तुजी अमावस्या."

त्यांनी पांघरूण ओढलं आणि भिंतीकडे वळले.

मी गॅलरीत जाऊन मुलीला फोन लावला. ती म्हणाली, "आधीचं सेव्ह उघडा, पप्पा. मागे जाता येतं."

"त्याच्यावरच सेव्ह केलंय."

"दर वेळी तेच करता? वेगळं ठेवत नाही?"

"वेगळं ठेवायचं म्हणजे नाव टाईप करावं लागतं. वेळ जातो."

"आज्जा काय म्हणाले?"

"काही नाही."

"मग अवघड आहे," ती म्हणाली.

बायको भाजी घेऊन आली. हॉल पाहिला, अप्पांची पाठ पाहिली, पडद्यावरची कोर पाहिली. पिशवी खाली ठेवून 'अंतरपाट'सुद्धा म्हणाली नाही. तेव्हा मला खरी भीती वाटली.

संध्याकाळी तिने कपाळावरची टिकली काढली आणि रिमोटवरच्या त्या बटणावर चिकटवली. "हे आता सोवळ्यातलं," म्हणाली.

दुसरी अमावस्या यायला खेळातला अख्खा महिना जायचा होता, आणि तो न गिळता जायचा होता. म्हणून दुकानातून आलो की मी हिरोला रानाच्या बांधावर बसवायचो आणि नुसता बघायचो. सांगतो, याच्याएवढी मोठी शिक्षा नाही. काही घडत नाही. वारा येतो, पीक हलतं. पहिले काही दिवस माझी टाच आपोआप फरशीवर आपटत राहिली. अप्पांची पाठ मागे, माझं तोंड पुढे, आणि मध्ये टीव्हीतला वारा.

बसून बसून माणूस नको तो विचार करायला लागतो. मुलीला सायकल शिकवताना मी सीटवरचा हात लवकर सोडला होता, तिच्या हनुवटीवर अजून खूण आहे. शाळेच्या गॅदरिंगला ती नाचत असताना मी घड्याळ बघत होतो. तिचं बालपण कुठे गेलं म्हणून मी हल्ली लोकांना विचारत असतो, जसं काही ते दुसऱ्या कुणी नेलं. आणि अप्पा. त्यांचे दिवस भराभर जावेत, ते लवकर बरे व्हावेत, म्हणून मी धडपडत होतो. पण या वयात त्यांचे दिवस पुढे ढकलायचे म्हणजे त्यांना कुठे ढकलायचं, हा हिशेब माझ्या डोक्यात कधी आलाच नव्हता. तो आला, आणि फरशीवर आपटणारी माझी टाच थांबली.

एकदा शांतता असह्य झाली म्हणून मी उगाच मोठ्याने म्हणालो, "अप्पा, चंद्र उगवला बरं का. अर्धा आहे. दिवस मावळायला आणि हा उगवायला एकच गाठ."

भिंतीकडून उत्तर आलं, "अर्धा हाय तर उगवंल कसा सांजला? डोक्यावर असंल."

मी मान वर करून पाहिलं, म्हणजे हिरोला पाहायला लावलं. चंद्र डोक्यावर होता.

"डोक्यावरच आहे."

"मग?"

दुसऱ्या दिवशीही मी चुकीचं सांगितलं. खरं म्हणजे थोडं मुद्दाम, पण सगळंच मुद्दाम नव्हतं. अज्ञानाचा साठा माझ्याकडे मुबलक आहे. चार-दोनदा असं झाल्यावर अप्पा वैतागून कुशीवर वळले. "सरक हिकडं. तुला तिथी विचारणाऱ्याचं लग्न मोडंल."

मग आम्ही दोघं बघायला लागलो. इतके महिने खेळून मी त्या गावाची रात्र पाहिली नव्हती. अंधार पडला की खुरपणारा म्हातारा उठतो, विळा कमरेला खोचतो, हळूहळू घरी जातो. उंबऱ्यावर बसून वाडग्यातलं काहीतरी खातो. ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा अप्पांनी माझ्या मांडीवर थाप मारली.

"जेवला की रे. मला काळजी हुती."

एक बाई कंदील घेऊन वासराला दावं बांधायला येते. पहाटे एक कुत्रं साऱ्या गावाला फेरी घालून परत पारावर निजतं. अप्पांनी त्याची वेळ ओळखली. मी चहाला उठलो की म्हणायचे, "बस. कुत्रं यायचंय अजून."

एकदा दुपारी बायकोचा दुकानात फोन आला. हळू आवाजात म्हणाली, "अप्पा पाय खाली सोडून बसलेत. स्वतःहून. घरी आलात तर काही बोलू नका." पुढच्या आठवड्यात म्हणाली, "खिडकीचा गज धरून उभे होते. ताईंशी पण बोलले. काही बोलू नका." मी बोललो नाही. घरी आल्यावर 'चला' हा शब्द जिभेच्या टोकावर यायचा आणि मी तो चहाबरोबर गिळायचो. रात्री गिळण्यापेक्षा हे अवघड निघालं.

मधल्या काळात चंद्र पुरा झाला, मग कमी होऊ लागला. सगळ्या घराला आता तिथी कळत होती. पुण्याहून मुलीचा मेसेज यायचा, 'आज काय?' आणि बायको भाकरी थापता थापता सांगायची, "एकादशी."

अखेर ती संध्याकाळ आली. बायकोने भज्जी केली, उंडे केले, आंबील लोट्यात ओतली. टीव्हीखालच्या कपाटावर मुलीच्या जुन्या माशांच्या टाकीतले पाच गोटे चुना लावून मांडले. खेळात दिवस मावळला. मावळतीला काही नाही, उगवतीला काही नाही, आभाळ स्वच्छ. अप्पांनी दोन्हीकडे बघायला लावलं आणि मग म्हणाले, "हां. ही हाय."

बायकोने वॉकरवरचे नॅपकिन काढले. मी उठायला लागलो, तर अप्पांनी डोळ्यांनी खाली बसवलं. त्यांनी वॉकर धरला, ओठ आवळले, आणि उभे राहिले. मला वाटलं होतं त्यापेक्षा ते बुटके झाले होते.

"तुजा गडी चालव," म्हणाले.

दिवाण, माझी खुर्ची आणि जेवणाचं टेबल यांच्याभोवती एक फेरी. तेच आमचं रान. वॉकर उचलायचा, टेकवायचा, एक पाऊल, दुसरं पाऊल. मागे बायको लोटा घेऊन. जी बाई फरशीवर पाण्याचा थेंब सांडू देत नाही, ती बोटांनी आंबील शिंपडत होती. अप्पा चरग्याची हाक पुटपुटत होते, "हुलिग्यो," आणि ती मागून ओ देत होती. फोन टेबलावर उभा होता आणि त्यातून मुलगीही ओ देत होती.

माझं काम एकच, हिरोला बांधावरून चालवायचं. रिमोटवरची कांडी पुरी ढकलली की तो धावतो. मला ती पुरी ढकलायचीच सवय. अर्ध्यावर हिरो असा सुटला की पार वळणाच्या पुढे.

"निधान, तम्मा," अप्पा दम घेत म्हणाले. सावकाश. तम्मा मला ते लहानपणी म्हणायचे.

"अंतरपाट," बायको म्हणाली.

मी हिरोला मागे आणला. कांडीला अंगठ्याचा नुसता स्पर्श ठेवला की तो माणसासारखा चालतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. एक पाऊल, मग थांबायचं. काळोखात पीक दिसत नव्हतं, नुसतं हलताना ऐकू येत होतं.

अप्पा टेबल ओलांडून माझ्या खुर्चीमागे गेले. आता ते मला दिसत नव्हते. वॉकरच्या रबराचा आवाज तेवढा येत होता. मग तोही थांबला. मान वळवून बघावं असं फार वाटलं. हिरो बांधाच्या शेवटच्या वळणावर पोचला होता. मी अंगठा उचलला आणि हात मांडीवर ठेवला.

जरा वेळाने मागे रबर पुन्हा टेकलं.